अपराध एकाचा, अपराधीपण दुसऱ्याचं

(अकादमीच्या व्याख्यानमालेत इंदूर येथे दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन ज्येष्ठ मित्रांनी मला फोन करून विचारलं, ‘अकादमीच्या व्यासपीठावर टीव्ही मालिका? नवरा, बायको आणि ती यांच्या भानगडी?’ त्यांचा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर साधं आहे. आपल्या गावात मराठी नेमकी कुठे कानावर पडते याचा एकदा हिशेब मांडून बघा. शाळा हिंदी नाहीतर इंग्रजी माध्यमाची. बाजार हिंदीत, कचेरी हिंदीत. रामबागेत, लोकमान्यनगरात, सुदामानगरात घरोघरी मराठी अजून बोलली जाते, पण ती ‘जेवून घे’, ‘दार लाव’, ‘आजोबांना चहा दे’ इतकीच. मनातलं बोलायची वेळ आली की नवी पिढी हिंदीत शिरते. अशा घरात आठवड्याचे सहा दिवस, अर्धा-अर्धा तास, रुसण्याची, भांडण्याची, माफी मागण्याची आणि माफ न करण्याची मराठी ऐकवणारं माणूस एकच आहे, आणि ते बैठकीच्या खोलीत भिंतीवर टांगलेलं आहे.

मी तीसेक वर्षं महाविद्यालयात मराठी शिकवली. मुलं मर्ढेकर परीक्षेपुरते वाचत, मालिका मात्र आजीच्या शेजारी बसून मन लावून बघत. मूल ज्या भाषेत आपली भावना मांडायला शिकतं, ती भाषा तपासून पाहणं हे भाषेच्या अकादमीचंच काम आहे, असं मी मानतो. म्हणून आज मला मालिकेतल्या प्रेमत्रिकोणाबद्दल, त्यातल्या अपराधीपणाबद्दल, निष्ठेबद्दल आणि माणसाला हवं तसं वळवून घेण्याच्या कलेबद्दल बोलायचं आहे. माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं: या त्रिकोणात अपराध एक जण करतो आणि अपराधी दुसऱ्याला वाटतं, आणि अपराधीपणाची ही बदली पटकथेपेक्षाही भाषा घडवून आणते. ती कशी, ते बघू.

उदाहरणादाखल दोनच मालिका घेतो, कारण त्या इथे बसलेल्या बहुतेकांनी पाहिलेल्या आहेत. पहिली झी मराठीवरची ‘माझ्या नवऱ्याची बायको’. ती ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली आणि मार्च २०२१ पर्यंत चालली. नागपूरकडची राधिका, तिचा नवरा गुरुनाथ आणि त्याच्या आयुष्यात आलेली शनाया, असा हा त्रिकोण. दुसरी स्टार प्रवाहवरची ‘आई कुठे काय करते!’. डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं. अरुंधती, तिचा नवरा अनिरुद्ध देशमुख आणि संजना. हिचं मूळ ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेत आहे, आणि हीच गोष्ट २०२० पासून हिंदीत ‘अनुपमा’ म्हणून आली. त्यामुळे आपल्याकडे एक गंमत झाली. कित्येक घरांत सासूबाई मराठीतली अरुंधती पाहत होत्या आणि सूनबाई हिंदीतली अनुपमा. एकाच घरात एकच दुःख दोन भाषांत चालू होतं.

आधी या नावांकडे बघा. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या तीन शब्दांत तीन माणसं उभी आहेत. सरळ हिशेबाने माझ्या नवऱ्याची बायको म्हणजे मीच. पण हे वाक्य बोलणारी बाई स्वतःच्याच नात्याकडे बाहेरून बघते आहे. षष्ठीचे दोन प्रत्यय एकापुढे एक लावले आणि घरातली बाई घराबाहेर गेली. आता दुसरं नाव. ‘आई कुठे काय करते’ या वाक्याला रूपाने प्रश्न म्हणतात, पण मराठीत हा प्रश्न नाही, तो नकार आहे. ‘मी कुठे काय म्हणतोय’ म्हणजे मी काहीच म्हणत नाही. ‘आई कुठे काय करते’ म्हणजे आई काहीच करत नाही. दिवसभर राबणाऱ्या बाईबद्दलचं हे विधान कुणी रागाने केलेलं नाही. ते सहज, प्रेमाने, पोरांच्या तोंडून निघावं असं आहे, आणि म्हणूनच ते जिव्हारी लागतं. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांना मराठी चांगली येते, हे मान्य केलं पाहिजे.

आता अपराधाच्या वाक्यांकडे येतो. पुढची वाक्यं मी कोणत्याही एका भागातून उतरवून घेतलेली नाहीत. नमुन्यादाखल मीच बनवली आहेत, पण ती तुमच्या ओळखीची निघतील.

नवऱ्याचं लफडं उघडकीला आलं. तो काय म्हणू शकतो? पहिलं वाक्य: ‘मी चूक केली.’ दुसरं: ‘माझ्याकडून चूक झाली.’ तिसरं: ‘चूक झाली.’ चौथं: ‘झालं ते झालं.’ या चार पायऱ्या नीट पाहा. पहिल्या वाक्याला व्याकरणकार कर्मणि प्रयोग म्हणतील, कारण क्रियापद चुकीच्या लिंगावर चालतं; पण ‘मी’ समोर उभा आहे, तोंड लपवत नाही. दुसऱ्यात तो ‘कडून’ला धरून कडेला सरकला. आता चूक करणारा तो नाही, चूक त्याच्या वाटेने गेली एवढंच. तिसऱ्यात तो खोलीतूनच निघून गेला. चौथ्यात तर चूकही उरली नाही, नुसतं ‘ते’ उरलं. मालिकेतला नवरा पहिल्या पायरीवर फारसा थांबत नाही. तो दुसऱ्या पायरीवर येतो, घरातली मोठी माणसं त्याला तिसऱ्या पायरीवर नेतात आणि सणासुदीचा भाग आला की सगळे मिळून चौथी पायरी गाठतात.

हा केवळ मराठीचा दोष नाही. हिंदीत ‘मुझसे हो गया’ आहे, गुजरातीत ‘माराथी थई गयुं’ आहे. आपल्या भाषांना घडलेल्या गोष्टीतून माणूस अलगद उचलून बाजूला ठेवता येतो. एरवी ही सोय मोठी माणुसकीची आहे. हातून कप फुटला तर ‘माझ्याकडून फुटला’ म्हणण्यात खोटं काही नसतं. प्रश्न तेव्हा येतो, जेव्हा दोन-दोन वर्षं ठरवून, वेळा जुळवून, फोन लपवून केलेल्या गोष्टीला कप फुटण्याचं व्याकरण लावलं जातं.

पण कर्ता वाक्यातून गेला की जागा रिकामी राहत नाही. तिथे दुसऱ्याला बसवावं लागतं. त्यासाठी मराठीजवळ ‘लावणे’ हे सहायक क्रियापद आहे. ‘तू मला हे करायला लावलंस.’ स्वतःसाठी ‘झालं’, समोरच्यासाठी ‘लावलंस’. तू मला वेळ दिला नाहीस, तू स्वयंपाकघरातून बाहेर आली नाहीस, तू माझ्याबरोबर चारचौघांत शोभली नाहीस. म्हणून मला बाहेर बघायला लावलंस. दोन वाक्यांत अपराधाची मालकी बदलली. आणि मग तिसरं वाक्य येतं, ते बायकोच्या तोंडून: ‘माझंच काही चुकलं का?’ या वाक्यातलं ‘च’ हे अक्षर माझ्या मते सबंध मालिकेतलं सर्वांत महाग अक्षर आहे. नवऱ्याने टाकलेलं ओझं तिने त्या एका ‘च’ने उचलून डोक्यावर घेतलं.

इथे आपल्या भाषेत आणखी एक बारकावा आहे, जो हिंदीत नाही. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘आम्ही’मध्ये समोरचा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. मालिका ऐकताना मी मुद्दाम याकडे कान ठेवला. घरात निर्णय होतो तेव्हा ‘आम्ही ठरवलंय’ असं येतं. ओझं वाहायची वेळ आली की मात्र ‘आपण’ येतो: आपल्या घराची अब्रू, आपली मुलं, आपली माणसं, आपल्याला निभावून न्यायचंय. ठरवताना ती बाहेर, निभावताना ती आत. इथल्या आपल्या मराठीत हिंदीच्या ‘हम’मुळे हा भेद पुसट होत चालला आहे असं मला दिसतं. पण ज्याला ही दोन सर्वनामं वेगळी ऐकू येतात, त्याला ‘आपण’ म्हणून आपल्याला कोणत्या कामाला जुंपलं जातंय हेही ऐकू येतं. हा भेद जपायला इतकं कारण पुरेसं आहे.

आता दुसरा शब्द, वळवणं. आजची मुलं म्हणतात, ‘ती मला मॅनिप्युलेट करते’, ‘हे इमोशनल ब्लॅकमेल आहे’. मला या शब्दांचा राग नाही. पण एका शब्दाखाली किती वेगवेगळ्या गोष्टी दडपल्या जातात ते बघा, आणि मराठीने त्या कशा सुट्या ठेवल्या आहेत तेही बघा.

‘कान भरणे’ म्हणजे ज्याच्याबद्दल बोलायचं तो समोर नसताना दुसऱ्याच्या मनात त्याच्याविषयी विष घालणं. ‘भरीला घालणे’ म्हणजे ज्याच्या मनात नव्हतं त्याला चढवून कृतीला उद्युक्त करणं. यात पाप दुसऱ्याच्या हातून होतं आणि आपण नामानिराळे राहतो. ‘गळ घालणे’ यात आर्जव आहे, उघडेपणा आहे, आणि नाही म्हणायला जागाही आहे. ‘शपथ घालणे’ यात ती जागा नाही, कारण इथे कुणाचा तरी जीव तारण ठेवला जातो: माझी शपथ, मुलांची शपथ, मेल्या माणसाची शपथ. ‘कोंडी करणे’ यात कुणी काही मागतच नाही; सगळे रस्ते बंद करून एकच उघडा ठेवला जातो, मग त्या रस्त्याने जाणारा ‘मी माझ्या मर्जीने गेलो’ असंच म्हणतो. आणि ‘साळसूदपणा’ म्हणजे यातलं सगळं करून आपल्याला काहीच ठाऊक नाही असा चेहरा ठेवणं.

मालिकेतलं कोणतंही नाट्यमय वळण घ्या आणि यातलं काय चाललंय ते विचारा. खलनायिका बहुधा कान भरते, म्हणून ती आपल्याला लगेच ओळखू येते. तिच्यासाठी वेगळं पार्श्वसंगीतही असतं. पण शपथ घालणारी माणसं कोण असतात? आई, सासू, मुलगी, आजोबा. त्यांच्यासाठी बासरी वाजते. कोंडी करणारं तर कुणी एक माणूस नसतंच; तिथे घरचा गणपती असतो, मुलीचं लग्न असतं, सासऱ्यांच्या छातीतली कळ असते. बाई कुणाच्या कारस्थानाला फसत नाही, ती प्रेमाने घातलेल्या शपथेला बळी पडते. ज्या वळवण्याला आपण वाईट म्हणतो ते या त्रिकोणात तितकंसं परिणामकारक नसतं. परिणाम करतं ते, ज्याला आपण माया म्हणतो.

निष्ठेचंही असंच आहे. ‘एकनिष्ठ’ हा शब्द व्याकरणाने कुणालाही लागू पडतो, वापरात मात्र तो बहुतेक एकाच बाजूला लागतो. गुरुनाथकडे पाहा. तो घरी गुरुनाथ आहे आणि शनायाजवळ ‘गॅरी’. मला हे दुसरं नाव फार अर्थपूर्ण वाटतं. राधिकेचं राहणं, तिची काटकसर, तिचं नागपूरकडचं बोलणं याची त्याला लाज वाटते. म्हणजे बायकोशी प्रतारणा करण्याआधी तो तिच्या बोलीशी, पर्यायाने स्वतःच्या नावाशी प्रतारणा करतो. दोन नावांची दोन खाती असतात: खर्च गॅरीने करायचा आणि उधारी गुरुनाथच्या घराने फेडायची. आपल्याला, इंदूरकरांना, यात एक चिमटा आहे. आपली ‘मी जाऊन राहिलो’ची मराठी पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसमोर आपणही कितीदा गुंडाळून ठेवतो! राधिका आपल्याकडे इतकी आवडती का झाली, याचं एक कारण मला इथे सापडतं. गावंढळ ठरवली गेलेली बोली टाकून न देता ती शेवटपर्यंत उभी राहिली, स्वतःचा मसाल्यांचा धंदा उभा केला. ती निष्ठा नवऱ्यावरची नव्हती.

आता त्रिकोणाचा तिसरा कोन. शनाया आणि संजना यांना प्रेक्षकांनी किती शिव्या घातल्या असतील! पण आपण बोलतो ते वाक्य तपासा. ‘तिने त्याला नादी लावलं.’ पुन्हा ‘लावणे’च आलं. ‘तो तिच्या जाळ्यात सापडला.’ ‘त्याच्या डोळ्यांवर झापड आली.’ या सगळ्या वाक्यांत पुरुष एक तर कर्म आहे, नाहीतर मासा. कर्ता कुठेच नाही. पटकथालेखकाने केलं ते आपण आपल्या दिवाणखान्यात बसून पूर्ण केलं. अनिरुद्धने पुढे संजनाशी लग्न केलं; मग काय झालं? ज्या जागी अरुंधती होती तिथे संजना आली, आणि संशय, दुर्लक्ष, तुलना हे सगळं तिच्या वाट्याला आलं. अरुंधती दुसरीकडे उभी राहू लागली तसा अनिरुद्ध तिच्याच आयुष्यात नाक खुपसू लागला. म्हणजे भांडण दोन बायकांमधलं कधीच नव्हतं. ‘बायको’ ही एक जागा होती, आणि त्या जागेवर जी बसेल तिला ओझं उचलायचं होतं.

हे असं का होतं, याचं एक कारण धंद्याचं आहे आणि ते आपण समजून घेतलं पाहिजे. रोजची मालिका आठवड्याला सहा भाग मागते. जाहिराती वगळून प्रत्येक भागात वीस-बावीस मिनिटांचा मजकूर लागतो. दर आठवड्याला टीआरपीचे आकडे येतात आणि त्यावर पुढचं कथानक हलतं. आता विचार करा: अपराध ज्याने केला त्यालाच अपराधी वाटलं, तर काय होईल? तो कबूल करेल, क्षमा मागेल, किंवा निघून जाईल. आठ भागांत गोष्ट संपेल. पण अपराध केलेल्याला काहीच वाटलं नाही आणि न केलेलीला वाटत राहिलं, तर गोष्ट पाच वर्षं चालते. कबुली ही मालिकेची शत्रू आहे. म्हणूनच नेमक्या क्षणी फोन वाजतो, दारात कुणी येऊन उभं राहतं, सासऱ्यांना चक्कर येते. खऱ्या अपराध्याची टोचणी लांबणीवर टाकणं ही या कारखान्याची गरज आहे.

‘टोचणी’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. मराठीत लाज वेगळी आणि टोचणी वेगळी. लाज वाटायला बघणारा लागतो: ‘तोंड दाखवायला जागा नाही’, ‘लोक काय म्हणतील’. टोचणीला कुणी लागत नाही. ‘मन खातं’ असं आपण म्हणतो. बंद खोलीतही ते खातं. मालिकेतल्या नवऱ्याला पकडलं गेल्यावर लाज वाटते, आणि लाजेचा लगेच राग होतो. टोचणी सगळी बायकोच्या वाट्याला. तरुण मुलं या दोन्हींना मिळून ‘गिल्ट’ म्हणतात, तेव्हा हा फरक बुजतो. ‘तुला गिल्टी वाटतंय का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारा नेमकं काय म्हणाला, हे कळत नाही. मराठीत विचारलं तर कळतं.

ही बदली टीव्हीने शोधून काढलेली नाही. १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणलं. त्यात तिसरा कोन दारूचा आहे. पण सिंधू काय करते ते आठवा. संसार धुळीला मिळवणाऱ्या नवऱ्याला ती मरणाच्या दारातही वाचवते, त्याचा अपराध आपल्या शब्दांनी झाकते. बालगंधर्वांची सिंधू पाहून प्रेक्षक रडले, आणि त्यांच्या पणत्या आज अरुंधतीला पाहून रडतात. फरक एकच आणि तो मोठा आहे. गडकऱ्यांनी ती गोष्ट पाच अंकांत संपवली. सुधाकर शेवटी स्वतःकडे बघतो आणि त्या बघण्याची किंमत मोजतो. शोकांतिकेत टोचणी मूळ मालकाकडे परत येते. मालिकेत ती परत यायला अवधीच मिळत नाही.

इथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. पंचवीस वर्षं संसार केलेली मध्यमवयीन बाई घटस्फोट घेते, नोकरी करते, गाणं म्हणते, पुन्हा प्रेमात पडते आणि आशुतोष केळकरशी लग्न करते, हे घराघरात संध्याकाळच्या वेळेला सासू-सुनांनी एकत्र बसून पाहिलं. राधिकेनेही सौमित्रशी दुसरा संसार मांडला. या विषयावर ज्या घरांत कधी अवाक्षर निघालं नसतं, तिथे जेवताना वाद झाले. अरुंधतीच्या सासूबाई कांचन आणि सासरे अप्पा यांच्यातले मतभेद आपल्याही घरात शिरले: आजी म्हणाल्या तिने सहन करायला हवं होतं, आजोबा म्हणाले का म्हणून? मालिकांना नाकं मुरडणाऱ्यांनी हे श्रेय काढून घेऊ नये.

आमच्या भागातल्या महिला मंडळात भिशीच्या दिवशी मालिकांवर गप्पा होतात. मला तिथे एकदा बोलायला बोलावलं होतं. मी वर सांगितलेल्या चार पायऱ्या फळ्यावर लिहिल्या: मी चूक केली, माझ्याकडून झाली, चूक झाली, झालं ते झालं. खूप हशा पिकला. सगळ्यांना अनिरुद्ध आठवला. हसणं ओसरल्यावर मागच्या रांगेतल्या एक बाई, साठीच्या असतील, शांतपणे म्हणाल्या, ‘सर, आमच्याकडे चौथंच वाक्य होतं. ते ह्यांनी कधी म्हटलं नाही, मीच म्हणत आले.’ त्यावर कुणी हसलं नाही, आणि त्यांनाही पुढे काही सांगायचं नव्हतं. मी खडू खाली ठेवला. ‘झालं ते झालं’ हे वाक्य अपराध करणाऱ्याने म्हटलं तर निर्लज्जपणा ठरतो. सोसणाऱ्याने म्हटलं तर आपण त्याला समजूतदारपणा म्हणतो. हे वाक्य आयुष्यभर कुणी कुणाच्या वतीने म्हटलं, याचा हिशेब आपल्या किती घरांत झाला असेल?

म्हणून माझी अकादमीला एक छोटी सूचना आहे. आपण निबंधस्पर्धा घेतो, शुद्धलेखनाच्या कार्यशाळा घेतो. त्यांत एक खेळ जोडावा: ‘कर्ता शोधा’. मुलांना मालिकेचा एक भाग दाखवायचा. ‘झालं’, ‘घडलं’, ‘राहून गेलं’, ‘करायला लागलं’ अशी वाक्यं उतरवून घ्यायला सांगायचं आणि प्रत्येकापुढे खरा कर्ता लिहायला लावायचा. ‘आपण’ आला तर त्यात कोण कोण आहे, ते विचारायचं. शपथ कुणी घातली, गळ कुणी घातली, कान कुणी भरले, कोंडी कशी झाली, ते वेगवेगळं नोंदवायचं. मी दहावी-बारावीच्या मुलांबरोबर हे करून पाहिलं आहे. तासाभरात ती मालिकेतून घरावर येतात. एक मुलगा म्हणाला, ‘पप्पांचं सॉरी नेहमी दुसऱ्या पायरीवरचं असतं.’ व्याकरणाचा इतका उपयोग होतो हे त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

मराठी टिकावी म्हणून आपण मुलांना म्हणी शिकवतो, श्लोक पाठ करून घेतो. ते चालू राहू दे. पण भाषा टिकते ती माणसाला तिच्याशिवाय अडतं तेव्हा. आपल्यावर काय केलं जातंय ते ओळखायला आणि आपण काय केलं ते कबूल करायला जिच्यात नेमके शब्द मिळतात, ती भाषा कोणी सहज सोडत नाही. आपल्या मराठीत ते शब्द आहेत. लाज आहे, टोचणी आहे, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ आहे. आणि ‘मी केलं’ हे दोन शब्दांचं, कोणत्याही मालिकेला न परवडणारं वाक्यही आहे.

आज रात्री मालिका जरूर बघा. कुणी ‘झालं’ म्हटलं, की शेजारी बसलेल्या नातवंडाला हळूच विचारा, ‘कुणी केलं रे?’